जकातीचा प्रश्न आणि न्यायमूर्ती तेलंग

(बी. ए. अंतिम वर्ष, अर्थशास्त्र)

२०२५ सालची दिवाळी नुकतीच आटोपली होती. पहिल्या वेच्याचा कापूस आमच्या ओसरीत पडून होता आणि हरभऱ्याच्या पेरणीसाठी हाती पैसा हवा होता. बाबा शेलूबाजारला जाऊन एका व्यापाऱ्याकडे भाव विचारून आले. त्या हंगामाचा हमीभाव मध्यम धाग्याच्या कापसाला क्विंटलमागे ७,७१० रुपये आणि लांब धाग्याच्या कापसाला ८,११० रुपये होता. व्यापाऱ्याने सांगितलेला भाव त्यापेक्षा बराच खाली होता. कारण विचारले तेव्हा बाहेरच्या कापसावरचा कर सरकारने उठवला, असे उत्तर मिळाले. रात्री जेवताना बाबांनी मला तीन गोष्टी विचारल्या. हा कर बसवला कोणी? काढला कोणी? आणि काढताना आपल्याला कोणी विचारले का?

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे मला देता आली. परदेशी कापसावर फेब्रुवारी २०२१ पासून सर्व मिळून ११ टक्के आयात शुल्क होते. ते १९ ऑगस्ट २०२५ पासून आधी ३० सप्टेंबरपर्यंत आणि पुढे ३१ डिसेंबरपर्यंत माफ करण्यात आले. त्याच महिन्याच्या २७ तारखेपासून अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्क्यांपर्यंत शुल्क लावले. त्यामुळे अडचणीत आलेल्या कापड आणि तयार कपड्यांच्या धंद्याला निदान कापूस तरी स्वस्त मिळावा, हा माफीमागचा हेतू होता. येथपर्यंत मी धिटाईने सांगितले. तिसऱ्या प्रश्नापाशी मात्र माझी विद्या संपली.

हा प्रश्न मी आमच्या अर्थशास्त्राच्या सरांपुढे ठेवला. सरांनी उत्तर दिले नाही. त्यांनी एक जुना इंग्रजी संग्रह माझ्या हाती ठेवला. तो होता काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांच्या निवडक लेखांचा आणि भाषणांचा. तेलंग म्हणजे भगवद्गीतेचे भाषांतर करणारे विद्वान न्यायमूर्ती, एवढीच माझी माहिती. कापूस, सूत आणि जकात यांच्याशी या गृहस्थांचा काय संबंध, असा विचार करीतच मी ते पुस्तक उघडले. वाचून झाल्यावर वाटले की, आपल्या पांढऱ्या सोन्याच्या मुलखातील प्रत्येक विद्यार्थ्याला या माणसाची ओळख असायला हवी. त्यासाठीच हा लेखनप्रपंच.

काशिनाथपंतांचा जन्म ३० ऑगस्ट १८५० रोजी मुंबईत झाला. पाचव्या वर्षी ते अमरचंद वाडीतील मराठी शाळेत जाऊ लागले आणि १८५९ मध्ये एल्फिन्स्टन हायस्कुलात दाखल झाले. तेथे नारायण महादेव परमानंद यांच्यासारखा चारित्र्यवान शिक्षक त्यांना लाभला. पुढे एल्फिन्स्टन कॉलेजात त्यांनी एम. ए. आणि एलएल. बी. या पदव्या मिळवल्या. १८७२ साली एक अवघड परीक्षा उत्तीर्ण होऊन ते मुंबई हायकोर्टाच्या मूळ शाखेत वकिली करू लागले. या शाखेत तोवर बहुतेक इंग्रज बॅरिस्टरांचेच राज्य होते. विलायतेला न जाता त्यांच्या पंक्तीला बसणे ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती!

वयाची तेविशी गाठण्याच्या सुमारास त्यांनी एका मोठ्या युरोपीय पंडिताशी वाद घातला. रामायणाच्या कथेवर होमरच्या ग्रीक महाकाव्याची छाया आहे, असे मत वेबर या जर्मन पंडिताने मांडले होते. तेलंगांनी १८७३ साली ते सप्रमाण खोडून काढले. त्यांची रीत येथेच दिसून येते. प्रतिपक्षाचे म्हणणे आधी नीट मांडायचे, त्यातील ग्राह्य भाग मान्य करायचा आणि मग त्याच्याच शास्त्राने त्याला उत्तर द्यायचे. हीच रीत त्यांनी चार वर्षांनी जकातीच्या प्रश्नात वापरली.

पण त्याआधी त्या काळची परिस्थिती थोडक्यात पाहिली पाहिजे. जकात म्हटले की आमच्या वडीलधाऱ्यांना शहराच्या वेशीवरचा नाका आठवतो. तो नाका आता इतिहासजमा झाला आहे. देशाच्या वेशीवर, म्हणजे बंदरात, परदेशी मालावर जो कर घेतला जातो तो मात्र कायम आहे. त्याची कामे दोन. एक म्हणजे सरकारच्या तिजोरीत भर घालणे आणि दुसरे म्हणजे देशी मालाला आडोसा देणे. एकाच कराने दोन्ही साधते, म्हणून भांडण होते. तिजोरीसाठी बसवलेला कर परदेशी व्यापाऱ्याला आडोशासारखा दिसतो आणि त्याच्या डोळ्यांत खुपतो.

१८५४ साली कावसजी दावर यांनी मुंबईत कापडगिरणी काढण्याचा उद्योग आरंभला आणि पाहता पाहता मुंबईत गिरण्या वाढल्या. आमचा वऱ्हाड १८५३ पासून इंग्रजांच्या ताब्यात होता. १८६१ ते १८६५ या काळातील अमेरिकेच्या यादवी युद्धामुळे तिकडचा कापूस बंद पडला, तेव्हा लँकेशायरच्या गिरण्यांनी वऱ्हाडाकडे धाव घेतली. १८७० साली खामगावला आणि त्यापाठोपाठ अमरावतीला आगगाडीचे फाटे नेण्यात आले, ते मुख्यतः कापसासाठीच. येथला कापूस मुंबईमार्गे मँचेस्टरला जायचा आणि कापड होऊन परत यायचा. १ जानेवारी १८७७ रोजी नागपुरात जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली आणि कापसाच्या मुलखातच कापड निघू लागले.

त्या सुमारास विलायती कापडावर शेकडा ५ आणि सुतावर शेकडा साडेतीन जकात होती. १८५७ च्या उठावानंतर रिकामी झालेली तिजोरी भरण्यासाठी जकातीचे दर वाढवण्यात आले होते. ते कमी होत होत येथवर आले होते. एवढी जकात म्हणजे आडोसा म्हणून फारच तुटपुंजी! तरीही मँचेस्टरच्या गिरणीवाल्यांना ती सहन होईना. ती उठवावी म्हणून त्यांनी पार्लमेंटात खटपट चालवली. अप्रतिबंध व्यापार हे अर्थशास्त्राचे अबाधित तत्त्व आहे आणि हिंदुस्थानाने ते पाळलेच पाहिजे, असा त्यांचा दावा होता. वास्तविक याच इंग्लंडने १७०० आणि १७२१ साली कायदे करून हिंदुस्थानी छिटांना आपली दारे बंद केली होती. स्वतःचे घर भरेपर्यंत दार लावून घ्यायचे आणि घर भरल्यावर शेजाऱ्याला दार उघडे ठेवण्याचा उपदेश करायचा, असा हा प्रकार होता.

अशा वेळी, १८७७ साली, तेलंगांनी मुंबईत अप्रतिबंध व्यापार आणि संरक्षण या विषयावर हिंदुस्थानच्या दृष्टीने एक निबंध वाचला. तेव्हा त्यांचे वय सत्तावीस वर्षांच्या आतबाहेर होते. निबंधात त्यांनी आदळआपट केली नाही. अप्रतिबंध व्यापाराचे तत्त्व खोटे आहे असेही ते म्हणत नाहीत. ज्या मिल्लच्या ग्रंथांवर इंग्रज आपली बुद्धी पोसत होते, त्याच मिल्लचा आधार त्यांनी घेतला. नव्याने उद्योगाला लागलेल्या देशाने एखाद्या धंद्याला काही काळापुरते जकातीचे संरक्षण द्यावे, हे मिल्लनेही मान्य केले होते. एका देशाला एखाद्या धंद्यात आघाडी मिळते, ती पुष्कळदा त्याने आधी सुरुवात केली म्हणून. मागून येणाऱ्याला उमेदवारीचा काळ मिळाला नाही, तर तो कायमचा मागेच राहणार. तेलंगांचे म्हणणे असे की, हिंदुस्थान अशाच उमेदवारीच्या अवस्थेत आहे.

संरक्षणामुळे कापड थोडे महाग होईल आणि गिऱ्हाइकाला झळ लागेल, ही अडचण त्यांनी लपवली नाही. उलट ती समोर मांडून तिचा हिशेब केला. आजची थोडी झीज सोसून उद्या देशात धंदा उभा राहत असेल, तर ती झीज म्हणजे पेरणीसाठी काढून ठेवलेले बियाणे होय, अशा आशयाचा त्यांचा विचार आहे. बियाण्याची उपमा अर्थात माझी, तेलंगांची नव्हे. सगळा देश एकट्या शेतीवर लोंबकळत राहिला तर एका दुष्काळात होत्याचे नव्हते होते. म्हणून धंदे अनेक हवेत, आणि ते उभे राहण्यास हातभार लावणे हे राज्यकर्त्यांचे कर्तव्य आहे, असा त्यांच्या प्रतिपादनाचा रोख होता.

दुष्काळाची ही भीती पुस्तकी नव्हती. १८७६ ते १८७८ या काळात दक्षिणेत आणि मद्रासेकडे भीषण दुष्काळ पडला होता. त्याच दुष्काळाच्या दिवसांत, ११ जुलै १८७७ रोजी, इंग्लंडच्या कॉमन्स सभेने ठराव केला की, हिंदुस्थानातील कापडावरील जकात तिकडच्या तिजोरीला झेपेल तितक्या लवकर रद्द व्हावी. दुसऱ्या वर्षी हिंदुस्थान सरकारने दुष्काळाच्या खर्चासाठी म्हणून व्यापारीवर्गावर परवाना कर बसवला. लहानसहान दुकानदारही त्यात सापडला आणि मोठ्या पगाराचा अधिकारी मात्र सुटला. तेलंगांनी या कराविरुद्धही आवाज उठवला.

मग १८७९ चा मार्च उजाडला. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांनी तीस नंबरपर्यंतच्या सुताचे सगळे जाडेभरडे विलायती कापड जकातीतून मुक्त केले. सुताचा नंबर जितका मोठा तितके ते बारीक. आपल्या गिरण्या जाडे कापड काढीत, म्हणजे नेमका त्यांच्याच मालासमोरचा बांध फोडण्यात आला. या निर्णयाला खुद्द लिटनसाहेबांच्या कौन्सिलातील बहुसंख्य सभासदांचा विरोध होता. विशेष अधिकार वापरून त्यांनी तो डावलला. मुंबईत याच्या निषेधार्थ जाहीर सभा झाली, तीत तेलंग बोलले. मुद्दा साधा होता. दुष्काळासाठी म्हणून गरीब व्यापाऱ्याच्या खिशात हात घालायचा, अफगाणिस्तानात लढाई चालवायची आणि त्याच वेळी बंदरावर सहज मिळणारे उत्पन्न मँचेस्टरच्या पायी सोडून द्यायचे, हा कोणता न्याय?

सभेचा उपयोग झाला नाही. १८८२ साली मीठ, मद्य, शस्त्रे असे मोजके पदार्थ वगळता आयातीवरची जवळजवळ सगळीच जकात उठली. विशेष असे की, तेव्हा व्हाइसरॉय होते लॉर्ड रिपन, ज्यांना हिंदी लोक आपला कैवारी मानत. म्हणजे व्हाइसरॉय कठोर असो की कनवाळू, जकातीचा निकाल लागत होता तो लंडनमध्ये, मँचेस्टरच्या मतदारांकडे पाहून.

माझ्या मते तेलंगांच्या चरित्रातील वळण येथे आहे. नुसत्या युक्तिवादाने काम भागत नाही, हे त्यांना या अनुभवाने कळले असावे. निबंध निर्दोष होता, भाषण बिनतोड होते. पण जेथे निर्णय होतो त्या टेबलाभोवती आपला माणूस नसेल तर ते सारे हवेत विरते. १८८५ च्या जानेवारीत फिरोजशहा मेहता आणि बद्रुद्दीन तय्यबजी यांच्यासह त्यांनी बॉम्बे प्रेसिडेन्सी असोसिएशनची स्थापना केली. त्याच वर्षी डिसेंबरात मुंबईच्या गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत राष्ट्रीय सभेचे पहिले अधिवेशन भरले. तेथे कायदे कौन्सिलांत लोकांनी निवडलेले सभासद असावेत आणि अंदाजपत्रक त्या कौन्सिलांपुढे यावे, ही मागणी मांडण्याचे काम तेलंगांकडे आले. जकातीचा दर किती असावा, हा त्यांचा आठ वर्षांपूर्वीचा प्रश्न होता. आता त्यांनी तो दर ठरवणार कोण, हा प्रश्न हाती घेतला होता.

वाचकांना वाटेल की, हा गृहस्थ आयुष्यभर राजकारणच करीत होता. तसे नव्हते. ज्या १८८२ साली जकात उठली, त्याच वर्षी मॅक्समुल्लरच्या प्राच्य धर्मग्रंथमालेत त्यांचे भगवद्गीतेचे इंग्रजी गद्य भाषांतर प्रसिद्ध झाले. भर्तृहरीची शतके आणि मुद्राराक्षस नाटक त्यांनी संपादित केले. लेसिंग या जर्मन नाटककाराचे नाटक शहाणा नेथन या नावाने मराठीत आणले. हंटर शिक्षण आयोगाचे ते सभासद होते. १८८९ साली ते मुंबई हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले आणि १८९२ मध्ये मुंबई विद्यापीठाचे पहिले हिंदी कुलगुरू झाले. एवढे सगळे एका लहानशा आयुष्यात!

तथापि चरित्रनायकाची आरती ओवाळून लेख संपवणे बरे नव्हे. समाजसुधारणेचा पक्ष घेणाऱ्या या माणसाने घरच्या मंडळींच्या दडपणापुढे मान तुकवून स्वतःच्या मुलीचे लग्न लहान वयातच करून दिले आणि त्याबद्दल त्यांच्यावर टीकाही झाली. सामाजिक बाबतीत तडजोडीने चालावे, असे त्यांचे मत होतेच. ज्या घरात त्यांच्या शब्दाला सर्वांत जास्त वजन असायला हवे होते, तेथेच तो शब्द हलका पडला. हे वाचून मला वाईट वाटले. पण त्यामुळे ते मला परके वाटले नाहीत.

१ सप्टेंबर १८९३ रोजी, त्रेचाळीस वर्षे पूर्ण झाल्यावर अवघ्या दोन दिवसांनी, तेलंगांचे निधन झाले. त्यांच्या जागी हायकोर्टात न्यायमूर्ती रानडे आले. हिंदी अर्थशास्त्राचा वेगळा विचार व्हायला हवा, हे रानड्यांनी १८९२ साली पुण्याच्या व्याख्यानात मांडले होतेच. पुढची हकीकत तेलंगांनी पाहिली नाही. १८९४ मध्ये तिजोरीत खडखडाट झाल्यामुळे सरकारला जकात पुन्हा बसवावी लागली. पण मँचेस्टरची समजूत काढण्यासाठी १८९६ साली विलायती कापडावर साडेतीन टक्के जकात आणि देशी गिरण्यांच्या कापडावरही तितकाच अंतर्गत कर, अशी अजब योजना झाली. आडोसा म्हणून एका बाजूला भिंत उभारायची आणि दुसऱ्या बाजूची पाडायची! टिळकांनी त्याच वर्षी पुण्यात विलायती कापडाविरुद्ध मोहीम उघडली. देशी कापडावरचा तो कर जायला १९२५ चा डिसेंबर उजाडावा लागला. दरम्यान १९२१ साली परदेशी कापडावरची जकात ११ टक्के झाली आणि लँकेशायरच्या विरोधानंतरही टिकली. त्या वेळेपर्यंत दिल्लीच्या कायदेमंडळात निवडून आलेले लोक बसू लागले होते. १८८५ च्या मागणीला असे उशिराने फळ आले.

आता माझी एक शंका. तेलंगांचा निबंध मी आमच्या ओसरीत, कापसाच्या ढिगाशेजारी बसून वाचला. त्यात गिरणी आहे, गिऱ्हाईक आहे, सरकार आहे. कोरडवाहू शेतकरी मात्र फारसा बोलताना दिसत नाही. धंदे वाढले म्हणजे शेतीवरचा भार हलका होईल, एवढीच आशा त्याच्या वाट्याला येते. १८७७ मध्ये शेतकरी आणि गिरणी एकाच बाजूला आहेत असे धरून चालता येत होते. २०२५ मध्ये तसे राहिले नाही. गिरणीला कच्चा माल स्वस्त हवा होता आणि आम्हाला भाव हवा होता. एकाच ११ टक्क्यांचे एक टोक तिच्या हाती आणि दुसरे आमच्या.

हे केवळ कापसापुरते नाही. आपल्या वाशीम जिल्ह्यात आज कापसापेक्षा सोयाबीनचाच बोलबाला आहे. कच्च्या खाद्यतेलावरचे मूळ आयात शुल्क सप्टेंबर २०२४ मध्ये २० टक्के करण्यात आले आणि मे २०२५ च्या अखेरीस १० टक्क्यांवर आणले गेले. तेल स्वस्त झाले तर शहरातील गृहिणीला बरे, हे खरेच. पण त्याच वेळी शेलूबाजारच्या अडतीत सोयाबीनच्या भावाला धक्का बसतो. गृहिणीचे म्हणणेही खोटे नाही आणि आमचेही नाही. तेलंग असते तर त्यांनी दोघांचेही म्हणणे आधी नीट मांडले असते, मग हिशेब केला असता. झीज कोणाची, किती दिवसांची आणि तिच्या मोबदल्यात उभे काय राहणार, हे तीन प्रश्न त्यांनी टाळले नसते.

म्हणून बाबांच्या तिसऱ्या प्रश्नाला मी आता उत्तर देऊ शकतो. तेलंगांच्या काळी जकातीचा निर्णय परक्यांच्या सभेत होत असे आणि आपल्याला विचारण्याचा प्रश्नच नव्हता. आज तो आपण निवडून दिलेल्या लोकांच्या हाती आहे. तरीही आपल्याला विचारले गेले नाही, असे बाबांना वाटत असेल, तर दोष केवळ दिल्लीचा नाही. आयात शुल्काचा आकडा निवडणुकीच्या सभेत कधी विचारला जातो का? आपल्या कॉलेजातील वादसभेत तो विषय कधी आला आहे का? व्यापाऱ्याने सांगितल्यावर आपल्याला तो कळतो, ही आपली शोकांतिका आहे. सत्तावीस वर्षांच्या एका वकिलाने परसत्तेच्या काळात सुताचे नंबर आणि जकातीचे टक्के मोजून भर सभेत हिशेब मागितला. आपण तर स्वतंत्र देशाचे नागरिक आहोत.

बाबांनी अर्धा कापूस त्याच आठवड्यात विकला, कारण हरभरा थांबत नाही. उरलेला अर्धा त्यांनी भाव वाढेल या आशेने ठेवला. मी त्यांना तेलंगांची सारी हकीकत सांगितली. त्यांनी ती शांतपणे ऐकली आणि पुढच्या वेळी हा कर कमी-जास्त होणार असेल तर आधी कळव, एवढेच सांगितले. तेव्हापासून मी अंदाजपत्रकातील ती पाने वाचतो. न्यायमूर्ती काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांच्या स्मृतीला माझे एवढेच अभिवादन.